संरक्षण साहित्याचा सप्लायर क्वालिटी इंजिनिअर: कोल्हापुरात काम सुरू करताना

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फौंड्र्या वर्षानुवर्षं ट्रॅक्टर, ट्रक, पंप आणि इंजिनांची कास्टिंग ओतत आल्या. संरक्षणाच्या कामाचे दरवाजे अलीकडे जास्त उघडले आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ जाऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतली म्युनिशन्स इंडिया पुण्यात खडकीला आणि यंत्र इंडिया नागपुरात, म्हणजे दोन्ही आपल्याच राज्यात. पूर्वी आयात होणारे सुटे भाग इथल्या उद्योगांसमोर मांडणारं 'सृजन' पोर्टल ऑगस्ट २०२० पासून सुरू आहे. अशा ऑर्डर घेणाऱ्या कंपनीत डिप्लोमा किंवा डिग्री करून नव्यानं लागलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे.

काम काय, ते आधी नीट समजून घ्या. तुमची कंपनी सगळं स्वतः करत नाही. कास्टिंग एका फौंड्रीतून येतं, मशिनिंग दुसरीकडे होतं, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग तिसरीकडे. या सगळ्यांकडून आलेला प्रत्येक जॉब ड्रॉइंगप्रमाणे आहे आणि तसा असल्याचा पुरावा जॉबसोबत आहे, ही जबाबदारी सप्लायर क्वालिटी इंजिनिअरची. गेटवर माल तपासणं हा त्यातला लहान भाग. खरं काम सप्लायरच्या शेडमध्ये, भट्टीपाशी आणि मशीनपाशी असतं.

उद्यमनगराची ख्यातीच अशी की नमुना समोर ठेवा, आठवड्यात तसाच जॉब हातात देतो. मटेरियल मिळालं नाही तर जवळचं वापरायचं, भोक सरकलं तर बुश मारायचं, जमवून घ्यायचं. या कसबावर कोल्हापूर उभं आहे आणि त्याबद्दल आदरच ठेवा. पण संरक्षणाचा भाग डेपोत वर्षानुवर्षं पडून राहतो, मग कधी लडाखच्या थंडीत तर कधी राजस्थानच्या उन्हात एकदाच वापरला जातो, आणि त्या एका वेळी तो बिघडला तर पलीकडे माणूस असतो. चांगल्या मनानं पण न विचारता केलेली सुधारणासुद्धा इथे दोष धरली जाते. मिस्त्रींना हे पटवून देणं, म्हणजे 'चालतंय की' म्हणण्याआधी त्यांनी तुम्हाला फोन करावा एवढा विश्वास तयार करणं, हे तुमच्या कामाचं मूळ आहे.

पहिली पायरी: ऑर्डर वाचा, मग ड्रॉइंग

नवी मंडळी थेट ड्रॉइंग उघडतात. आधी पर्चेस ऑर्डर आणि तिची परिशिष्टं पूर्ण वाचा. पाच गोष्टी वहीत उतरवा: ड्रॉइंगचा नंबर आणि चालू आवृत्ती, मटेरियलचं मानक, लागू असलेला क्वालिटी ॲश्युरन्स प्लॅन म्हणजे क्यूएपी, कोणत्या विशेष प्रक्रिया आहेत, आणि तपासणी कोण करणार. लष्करी साहित्याला बहुतेक वेळा डीजीक्यूए, विमानाच्या भागांना डीजीएक्यूए आणि क्षेपणास्त्रांच्या कामाला एमएसक्यूएए ही संरक्षण खात्याची गुणवत्ता तपासणी यंत्रणा असते. ड्रॉइंगची अधिकृत प्रत ज्यांच्या ताब्यात असते त्या कार्यालयाला एएचएसपी म्हणतात. ड्रॉइंगमधल्या शंकेचं उत्तर तिथूनच, योग्य मार्गानं, लेखी यायला हवं. फोनवर 'हो, चालेल' ऐकलं तर ते उत्तर धरू नका.

तुमच्या ऑर्डरमधली प्रत्येक अट खालच्या सप्लायरच्या ऑर्डरमध्ये उतरली पाहिजे. ही कडी इथेच तुटते. मुख्य ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं की प्रक्रियेत बदल करण्याआधी मंजुरी घ्या, रेकॉर्ड अमुक वर्षं जपा, तपासणी अधिकाऱ्याला कारखान्यात प्रवेश द्या; पण फौंड्रीच्या ऑर्डरमध्ये फक्त वजन, भाव आणि तारीख. मग फौंड्रीनं वाळूचा बाइंडर बदलला तर त्यांची चूक म्हणता येत नाही, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवू नका. आपल्याकडे सगळा धंदा त्यावर चालतो, तरीही नाही. गोपनीय ड्रॉइंगना १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू होऊ शकतो. शिक्का मारलेली, क्रमांक दिलेली नियंत्रित प्रत द्या, रजिस्टरला सही घ्या, आवृत्ती बदलली की जुनी प्रत परत घेऊन नष्ट केल्याची नोंद करा. मशीनच्या दारावर चिकटवलेली जुनी आवृत्ती दिसली तर त्याच दिवशी काढायला लावा. जुन्या आवृत्तीवर बनलेली आख्खी लॉट भंगारात जाणं ही या धंद्यातली नेहमीची आणि पूर्ण टाळता येणारी हानी आहे.

दुसरी पायरी: फौंड्रीची पहिली भेट

ऑफिसात बसून प्रेझेंटेशन बघण्यात वेळ घालवू नका. डिस्पॅचपासून सुरुवात करा आणि उलटं चालत भंगाराच्या ढिगापर्यंत जा. तयार पडलेलं एक कास्टिंग उचला, त्यावरचा हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक) वाचा आणि विचारा: हे कधी ओतलं, कोणत्या लॅडलमधून (धातू ओतायच्या बादलीतून), त्याचा स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूतल्या घटकांचं प्रमाण) दाखवा, टेस्ट बार दाखवा, वाळूची त्या दिवशीची नोंद दाखवा. दहा मिनिटांत सगळं समोर आलं तर ती फौंड्री कामाची. 'उद्या मेल करतो' म्हणाले तर पुढचा सगळा दिवस इथेच काढायचा आहे हे ओळखा.

समजा जॉब आहे १२ किलोचं एक हाउसिंग, मटेरियल आयएस १८६५ या भारतीय मानकाप्रमाणे एसजी (गोलाकार ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड) ५००/७. म्हणजे ताणशक्ती किमान ५०० मेगापास्कल, प्रूफ स्ट्रेस किमान ३२०, आणि तुटण्याआधी लांबी किमान ७ टक्के वाढली पाहिजे. एसजी आयर्नमधला ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतो म्हणून ते लवचीक. हे गोळे तयार करतं मॅग्नेशियम, आणि मॅग्नेशियम थांबत नाही.

भट्टीपाशी उभं राहून हे एकदा डोळ्यांनी बघाच. लॅडलच्या तळाशी केलेल्या खिशात फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियमचे खडे टाकतात, वर स्टीलच्या पंचिंगचा थर देतात आणि मग धातू ओततात. डोळे दिपवणारा पांढरा झगझगाट होतो, धूर उठतो, काही सेकंदांत शांत होतं. त्या क्षणी घड्याळ सुरू करा. धातूत शिल्लक मॅग्नेशियम साधारण ०.०३५ ते ०.०५० टक्के हवं आणि ते मिनिटामिनिटाला उडून जात असतं. म्हणून प्रक्रिया झाल्यापासून शेवटच्या मोल्डमध्ये धातू पडेपर्यंत साधारण दहा मिनिटांची मर्यादा घालतात. क्रेन अडकली, मोल्ड लांब होते, मधे कुणी स्लॅग काढत बसलं, आणि चौदा मिनिटं झाली, तर पहिल्या मोल्डमधलं कास्टिंग उत्तम आणि शेवटच्या मोल्डमधल्या कास्टिंगमध्ये ग्रॅफाइट किड्यांसारखा वाकडातिकडा. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

यातून तीन नियम निघतात. मायक्रोस्ट्रक्चरचा नमुना लॅडलच्या शेवटच्या मोल्डमधून घ्यायचा. बहुतेक फौंड्र्या सोयीसाठी पहिल्यातून घेतात. लॅडलची वेळ लिहिणारा माणूस ठरलेला असावा आणि त्यानं ती तिथेच लिहावी. संध्याकाळी ऑफिसात बसून भरलेल्या तक्त्यात प्रत्येक लॅडल बरोबर ८ मिनिटांचं असतं. आणि मर्यादेपलीकडचं लॅडल पिगिंग करून (जॉबमध्ये न ओतता साध्या ठोकळ्यांत ओतून) टाकायचं, हे मालकानं स्वतः मान्य केलेलं असावं, कारण तो निर्णय सुपरवायझर एकटा घेऊ शकत नाही.

शंका आली तर अल्ट्रासॉनिकनं ध्वनीचा वेग बघा. चांगल्या एसजीमध्ये तो सेकंदाला साधारण ५,५०० मीटरच्या आसपास किंवा पुढे असतो, ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे साध्या बिडात, ५,००० च्या खाली. जुने कारागीर टोला मारून आवाजावरून सांगतात. घंटेसारखा टण आवाज आला तर एसजी, बद्द आला तर गडबड. ते ऐकायला शिका, पण स्वीकृती मात्र मोजणीवर द्या.

मग भंगाराच्या ढिगाकडे या. एसजी ४००/१५ सारख्या मऊ ग्रेडला मँगनीज कमी लागतं, बरेच जण ०.२५ टक्क्यांच्या आत ठेवतात. त्याच भट्टीत वाहनांच्या कास्टिंगसाठी आणलेलं जास्त मँगनीज-क्रोमियमचं भंगार पडलं तर ताणशक्ती वाढलेली दिसते आणि लांबी १५ ऐवजी ९-१० टक्क्यांवर येते. फौंड्रीवाला म्हणतो, 'साहेब, स्ट्रेंथ तर जास्तच आलीय.' स्ट्रेंथ जास्त येणं इथे सुधारणा नाही. धक्का बसल्यावर तो जॉब वाकायच्या ऐवजी तुटेल. संरक्षणाच्या कामासाठी भंगाराचा वेगळा, फलक लावलेला ढीग मागा.

ओळख पटण्याची साखळी

हीट नंबर कास्टिंगमध्येच ओतलेला हवा. तारीख, हीट आणि लॅडल असे तिन्ही त्यात यावेत, उदाहरणार्थ 'जी १४-३-२': महिन्याचं अक्षर, तारीख, हीट ३, लॅडल २. पॅटर्न बनतानाच ही जागा मशिनिंग न होणाऱ्या पृष्ठभागावर ठेवायला सांगा. नंबर फ्लँजच्या तोंडावर असेल तर पहिल्याच फेसिंगमध्ये तो उडतो आणि त्यानंतर तो जॉब कुणाचा हे देवालाच ठाऊक. जागा बदलता येत नसेल तर मशिनिंगपूर्वी नंबर दुसऱ्या जागी पंच करण्याची पायरी प्रोसेस शीटमध्ये लिहून घ्या आणि पंच करणाऱ्यानं व तपासणाऱ्यानं सही करावी.

साखळी बहुतेक वेळा शॉट ब्लास्टिंगच्या ड्रममध्ये तुटते. तीन हीटची २०० कास्टिंग एकत्र फिरवली, नंबर धूसर झाले. आणि नंतर एका हीटचा टेस्ट बार फेल झाला तर ६०-७० ऐवजी २०० च्या २०० अडकतात. फौंड्री मालकाला गुणवत्तेचं महत्त्व सांगण्यापेक्षा हे गणित मांडा. लगेच पटतं.

भरलेलं भोक

ब्लो होल, वाळूचा खड्डा किंवा श्रिंकेज दिसलं की लोखंडी पुटी भरून वर प्रायमर मारायचा, ही सवय साध्या कामातून आलेली आहे. कित्येकदा फेटलिंगच्या (ओतल्यावर कास्टिंग साफ करणाऱ्या) कामगाराला यात काही गैर आहे हेच माहीत नसतं. म्हणून ठाम नियम ठेवा: तपासणीपूर्वी रंग नाही, प्रायमर नाही. ब्लास्ट केलेल्या उघड्या पृष्ठभागावर तिरपा प्रकाश टाका. पुटीचा भाग निस्तेज आणि सपाट दिसतो, धातूचे बारीक कण चमकत नाहीत. कानस एकदा फिरवली की समजतं.

वेल्डिंगनं भरलेलं ओळखणं जास्त अवघड. एसजी आयर्नवर मंजूर पद्धतीशिवाय वेल्ड मारलं की कडेला काचेसारखा कडक थर बनतो आणि चीर तिथूनच सुरू होते. संशयाच्या जागी घासून गुळगुळीत करा, नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण) लावा. वेल्डची सीमा वेगळ्या छटेत उमटते. ड्रॉइंग किंवा क्यूएपीमध्ये वेल्ड दुरुस्तीला परवानगी लिहिलेली नसेल तर ती नाही, असंच समजायचं.

कागद वाचायला शिका

सर्टिफिकेट फाइलला लावण्यासाठी नसतं, उलटतपासणी घेण्यासाठी असतं. ईएन १०२०४ या युरोपीय मानकातला ३.१ म्हणजे उत्पादकाच्याच पण उत्पादनापासून स्वतंत्र असलेल्या तपासणी प्रतिनिधीनं दिलेला दाखला, ३.२ मध्ये ग्राहकाच्या किंवा नेमलेल्या तिसऱ्या पक्षाच्या निरीक्षकाचीही सही लागते. ऑर्डरमध्ये ३.२ मागितलं असताना ३.१ आलं तर माल अडवून ठेवा.

वाचताना आकडे एकमेकांशी बोलतात का ते बघा. ताणशक्ती ५२० आणि कडकपणा १३० ब्रिनेल, हे एकाच कास्टिंगचं असू शकत नाही. एसजी ५००/७ साठी कडकपणा साधारण १६० ते २४० मध्ये येतो. सलग पाच हीटचं सिलिकॉन दुसऱ्या दशांशापर्यंत तेच असेल तर कुणीतरी जुनी फाइल उघडून तारीख बदलली आहे. चाचणीची तारीख डिस्पॅचनंतरची आहे का? लॅबच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या व्याप्तीत ती विशिष्ट चाचणी बसते का? नुसता लोगो पुरत नाही, व्याप्ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर बघा. खात्री करायला लॅबला फोन लावताना नंबरही तिथूनच घ्या, सर्टिफिकेटवरचा नको. आणि सुरुवातीच्या दोन-तीन लॉटमधून एक कास्टिंग स्वतः निवडून, स्वतः सील करून वेगळ्या लॅबमध्ये कापायला पाठवा. त्याचा खर्च कोण देणार हे ऑर्डरमध्येच लिहून ठेवा, म्हणजे नंतर वाद होत नाही.

पहिल्या नगाची तपासणी

डीजीक्यूएच्या कामात मोठ्या उत्पादनापूर्वी ॲडव्हान्स सॅम्पल मंजूर करून घ्यावं लागतं. विमान उद्योगातले ग्राहक एएस ९१०२ प्रमाणे फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन मागतात; बेळगावला विमानाच्या भागांचं काम चालतं, तिकडच्या ऑर्डर घेतल्या तर हे लागेलच. एएस ९१०२ मध्ये तीन फॉर्म असतात: पहिला भाग आणि उपभागांच्या ओळखीचा, दुसरा मटेरियल, विशेष प्रक्रिया व कार्यचाचण्यांचा, तिसरा प्रत्येक मापाचा.

ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला, प्रत्येक टीपेला आणि कोपऱ्यातल्या सामान्य टॉलरन्सच्या तक्त्यालाही गोल करून क्रमांक द्या. टिपांना क्रमांक द्यायला लोक विसरतात आणि 'धारदार कडा काढा' किंवा 'प्लेटिंगनंतरचं माप' अशा ओळींतच लॉट अडकते. प्रत्यक्ष वाचन लिहा; 'ओके' हे वाचन नव्हे. नग नेहमीच्या मशीनवर, नेहमीच्या फिक्स्चरवर, नेहमीच्या ऑपरेटरनं बनवलेला हवा. टूलरूमच्या उस्तादानं हातानं घडवलेला सुंदर नमुना तपासून काहीच सिद्ध होत नाही. मशीन, प्रोग्रॅम, फिक्स्चर, मटेरियलचा स्रोत किंवा जागा बदलली की बदललेल्या भागापुरती ही तपासणी पुन्हा. दोन वर्षं उत्पादन बंद राहिलं तरीही पुन्हा.

भोकाच्या पोझिशनवर नवे लोक हमखास चुकतात. समजा टॉलरन्स व्यास ०.२, आणि सीएमएमनं (मापं घेणाऱ्या मशीननं) एक्स दिशेला ०.०८, वायला ०.०९ सरकलेलं दाखवलं. दोन्ही ०.१ च्या आत म्हणून पास करून टाकतात. पण खरी चूक म्हणजे दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेऊन त्याची दुप्पट: इथे ०.२४. म्हणजे फेल. मात्र ड्रॉइंगवर त्या टॉलरन्ससोबत वर्तुळातला एम (जास्तीत जास्त मटेरियलच्या स्थितीची खूण) असेल, भोकाचं किमान माप १०.०० आणि प्रत्यक्ष माप १०.०६ असेल, तर ०.०६ चा बोनस मिळून मर्यादा ०.२६ होते आणि तोच नग पास. हे गणित कागदावर दहा वेळा करा, बोटांवर बसलं पाहिजे.

मोजमापाचं साधन

गेज कॅलिब्रेटेड आहे का, एवढ्यावर थांबू नका. दहा नग, तीन माणसं, प्रत्येकी दोन किंवा तीन वेळा मोजून गेज आर अँड आर, म्हणजे दिसणाऱ्या फरकात मोजणीचाच वाटा किती, ते काढा. १० टक्क्यांखाली चांगलं, १० ते ३० मध्ये कामाचं महत्त्व बघून, ३० च्या वर ते साधन त्या मापासाठी नको.

तापमान विसरू नका. मापं २० अंशांना धरलेली असतात. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ३५ अंशांवर २०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा जॉब जवळजवळ ०.०७ मिलिमीटर फुगलेला असतो. मशीनवरून उतरवून लगेच मोजलेला 'बरोबर' जॉब वातानुकूलित खोलीत लहान निघतो, आणि मग मशिनशॉप आणि तुमच्यात भांडण. दोन्ही ठिकाणी जॉब आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग बोला.

विशेष प्रक्रिया

हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, वेल्डिंग, एनडीटी (जॉब न तोडता केलेली दोषतपासणी). यांचा निकाल तयार जॉब बघून पूर्ण कळत नाही, म्हणून इथे प्रक्रियाच तपासावी लागते.

उच्च ताकदीच्या स्टीलला झिंक किंवा कॅडमियम प्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरतो. बाहेर काढण्यासाठी प्लेटिंगनंतर साधारण ४ तासांच्या आत, १९० अंशांच्या आसपास, मानकात दिलेल्या तासांपर्यंत बेकिंग करावं लागतं. प्लेटिंगवाल्याकडे संध्याकाळी सहाला जॉब टाकीतून निघाला आणि ओव्हन सकाळी नऊला लागला, तर तो बोल्ट तपासणीत उत्तम दिसेल, पास होईल, आणि कसून ठेवल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तुटेल. म्हणून टाकीतून काढल्याची वेळ आणि ओव्हनमध्ये घातल्याची वेळ, दोन्ही मागा. ओव्हनचा तापमानाचा आलेख मागा. आणि आट्यांबद्दल एक: ६० अंशांच्या आट्यावर ८ मायक्रॉनचा थर बसला की पिच व्यास ३२ मायक्रॉननं बदलतो, जाडीच्या चौपट. प्लेटिंगआधीचा गेज वेगळा ठेवा, नाहीतर गो गेज जाणारच नाही.

हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत आतल्या सगळ्या कोपऱ्यांत तापमान सारखं आहे का, याची टीयूएस चाचणी एएमएस २७५० प्रमाणे होते. नेहमीच्या आकाराच्या भट्टीत नऊ थर्मोकपल: आठ कोपरे आणि मध्य. क्लास २ भट्टीला ६ अंश आणि क्लास ५ ला १४ अंशांपर्यंत वर-खाली चालतं. रिपोर्टमधला जॉब ठेवण्याचा भाग आणि प्रत्यक्ष ट्रे भरलेला भाग जुळतो का, हे जाऊन बघा.

डाय पेनेट्रंट तपासणी शॉट ब्लास्टिंगनंतर थेट करू नका. ब्लास्टिंगनं धातू पसरून चिरेचं तोंड बंद होतं आणि आत डाय शिरतच नाही. पेनेट्रंटला किमान १० मिनिटं द्या, डेव्हलपरलाही. चुंबकीय कणांच्या तपासणीत चुंबकत्व एकमेकांना आडव्या दोन दिशांना द्यावं लागतं, कारण क्षेत्राला समांतर चीर दिसत नाही. निकाल देणाऱ्याकडे लेव्हल २ चं चालू मुदतीतलं प्रमाणपत्र हवं, आणि तो डोळ्यांची तपासणी दरवर्षी करून घेतो का, हेही विचारा.

जॉब चुकला तर

शब्द नीट वापरा. बनवण्याआधी घेतलेली परवानगी म्हणजे डिव्हिएशन, बनल्यावर मागितलेली म्हणजे कन्सेशन. जॉब पुन्हा ड्रॉइंगप्रमाणे होत असेल तर रिवर्क. वापरण्याजोगा होतो पण ड्रॉइंगप्रमाणे नाही तर रिपेअर, आणि त्याला ग्राहकाची मंजुरी लागते. नाकारलेला नग कुलपातल्या लाल पेटीत, टॅग लावून. भंगारात टाकताना तो कापून किंवा ठोकून निकामी करा, पुन्हा साखळीत येता कामा नये.

दोष कळल्याबरोबर २४ तासांच्या आत अडवणूक: सप्लायरकडे, वाटेत, तुमच्या स्टोअरमध्ये आणि ग्राहकाकडे त्या हीटचे किती नग कुठे आहेत ते शोधा. मग कारण. सप्लायरचा 'ऑपरेटरला समज दिली' हा उपाय स्वीकारू नका. जुलैमध्ये ब्लो होल वाढले असतील तर खोदत जा: गॅस कुठून आला? कोअरमधून (कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्यातून). कोअर ओलसर का? रात्रभर उघड्या रॅकवर होता, बाहेर पाऊस. उघडा का राहिला? दुपारच्या पाळीत जास्त कोअर काढून ठेवले, कारण कोअर मशीनचं नियोजन मोल्डिंगशी जोडलेलंच नाही. आता उपाय सापडला: दिवसाला लागतील तेवढेच कोअर, प्रत्येक रॅकला तारीख-वेळेचं कार्ड, ठरलेल्या तासांपेक्षा जुना कोअर वापरण्यापूर्वी पुन्हा ओव्हनमध्ये. पुढच्या तीन लॉट बघूनच तक्रार बंद करा.

तपासणी अधिकारी येतात तेव्हा

क्यूएपीमध्ये काही टप्पे थांबण्याचे असतात. अधिकाऱ्यानं बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. हीट ट्रीटमेंटआधीचा टप्पा चुकून ओलांडला तर नंतर तो दाखवता येत नाही आणि लॉट धोक्यात येते. हे टप्पे फौंड्रीच्या आणि मशिनशॉपच्या रूट कार्डवर लाल शाईत छापून घ्या.

आपली अंतर्गत तपासणी संपल्याशिवाय अधिकाऱ्यांना तपासणीचा कॉल देऊ नका. आयएस २५०० प्रमाणे २०० नगांच्या लॉटमधून सामान्य पातळी २ ला ३२ नग उचलतात, एक्यूएल (स्वीकारार्ह दोषांची पातळी) १.५ असेल तर एक सदोष चालतो, दोन सापडले की लॉट परत. पण क्रिटिकल मापांना हा हिशेब लावायचा नसतो, ती शंभर टक्के. रेकॉर्ड क्यूएपीच्या कलमांच्या क्रमानं लावा, अधिकाऱ्यानं ओळीवर बोट ठेवलं की तो कागद वर यावा. चूक दिसली असेल तर ती आपणहून सांगा, लपवलेली सापडली की पुढच्या प्रत्येक लॉटला शंकेनं बघितलं जातं. माल स्वीकारल्यावर आय-नोट (तपासणीचा दाखला) निघते. मालासोबत ती आणि पॅकिंगवरचे लॉट क्रमांक तंतोतंत जुळले पाहिजेत.

पावसाळ्याची तयारी

कोल्हापूरच्या पावसात मशिन केलेला पृष्ठभाग रात्रीत गंजतो. उघड्या हातानं धरलेल्या जागी बोटांचे ठसे तांबूस उमटतात, म्हणून मोजमापानंतर पुसून गंजरोधक तेल, व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणारा) कागद किंवा पिशवी, आत सिलिका जेल, आणि हातमोजे. ओली लाकडी पेटी नको; पेटीतलाच ओलावा आतल्या आत जॉब खातो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. जुलै-ऑगस्टमध्ये डिलिव्हरी असलेल्या लॉटची तपासणी जूनमध्येच उरकण्याचा आराखडा करा, प्लेटिंग आणि लॅबची कामं नदीच्या पलीकडे असतील तर आधी सोडवा. रेकॉर्डच्या पेट्या, टेस्ट बार आणि जपून ठेवलेले मायक्रोचे नमुने तळमजल्याच्या फरशीवर न ठेवता वरच्या रॅकवर हलवा, स्कॅन केलेली दुसरी प्रत गोपनीयतेच्या नियमांत बसेल अशा ठिकाणी कुलपात. सप्लायरकडेही तसंच आहे का, हे मे महिन्याच्या भेटीत बघून या.